‘जोगता’ ही नोंद कोणत्या रकान्यात? : लिंगभावविविधता, आरोग्यसंशोधन आणि मराठी साहित्य

तृतीयपंथीय व्यक्तींच्या आरोग्यानुभवाविषयी गेल्या दोन दशकांत भारतात बरेच संशोधन झाले. या संशोधनाची भाषा, त्याचे प्रश्न आणि त्याने गृहीत धरलेला ‘तृतीयपंथी’ यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. त्यासाठी राजन गवस यांची ‘भंडारभोग’ (1988) ही कादंबरी आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी’ (2012) हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन विचारात घेतले आहे. कोल्हापूरहून बिद्रीमार्गे गारगोटीकडे जाणाऱ्या या पट्ट्यात यल्लम्माचे जग, जोगतिणी, परडी, भंडारा या गोष्टी केवळ पुस्तकातल्या नाहीत. त्यामुळे ‘भंडारभोग’चे वाचन येथे निव्वळ वाङ्मयीन राहत नाही.

आरोग्यसंशोधनाने हिजडा समूहाकडे प्रथम पाहिले ते एचआयव्हीच्या निमित्ताने. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (2007-2012) हा समूह ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ या गटातच मोजला जात होता. चौथ्या टप्प्यात त्याला वेगळे स्थान मिळाले. 2017 च्या सर्वेक्षणात या समूहातील संसर्गाचे प्रमाण 3.14 टक्के आढळले. या आकड्याचे महत्त्व नाकारता येणार नाही, कारण त्यामुळेच औषधे, समुपदेशन आणि निधी आला. सांगलीत ‘संग्राम’ने 1992 पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर केलेल्या आणि पुढे ‘मुस्कान’च्या रूपाने पुरुष व तृतीयपंथीयांपर्यंत नेलेल्या कामाचे मोल आपल्या भागाला वेगळे सांगावयास नको. परंतु या चौकटीत माणूस म्हणजे संसर्गाचा संभाव्य वाहक, एवढाच अर्थ उरतो. त्याला मधुमेह होतो, त्याचे हाड मोडते, त्याचे वय होते, हे प्रश्नावलीत येतच नाही. स्त्री म्हणून जन्मनोंद झालेल्या पारलिंगी पुरुषांना तर या संशोधनात फार उशिरा व फार थोडी जागा मिळाली.

लक्ष्मी यांचे आत्मकथन ही चौकट काही अंशी मोडते. लहानपणचा दमा, वारंवारचे आजारपण, अशोक राव कवी यांच्या भेटीतून मिळालेला धीर आणि पुढे एचआयव्हीविषयक कामातून सार्वजनिक जीवनात झालेला प्रवेश, हा सारा प्रवास या पुस्तकात एका सलग आयुष्याचा भाग म्हणून येतो. हिजडा असणे म्हणजे शस्त्रक्रिया झालेली असणे नव्हे, हे लेखिकेने ठामपणे मांडले आहे. शस्त्रक्रियेलाच ओळखीचा पुरावा मानणाऱ्या वैद्यकीय व प्रशासकीय दृष्टीला दिलेले हे उत्तर आहे. तरीही पुस्तकाची मर्यादा नोंदवली पाहिजे. हा अनुभव ठाणे-मुंबईचा, शिक्षित आणि कुटुंबाने न तोडलेल्या व्यक्तीचा आहे. ए. रेवती यांच्या 2010 साली इंग्रजीत आलेल्या आत्मकथनात शस्त्रक्रियेची व तिच्यानंतरच्या दिवसांची जी शारीरिक वेदना येते, तशा रुग्णानुभवाला मराठी आत्मकथनात मध्यवर्ती स्थान नाही.

‘भंडारभोग’चा प्रश्न निराळा आहे. तायप्पा देवीला सोडला जातो आणि त्याला साडी नेसावी लागते. त्याची लिंगभाव-ओळख त्याने निवडलेली नाही, गावाने आणि श्रद्धेने ती त्याच्यावर घातली आहे. याच लेखकाच्या ‘चौंडकं’ (1985) मध्ये सुलीच्या केसांतील जट हे देवीचे बोलावणे ठरते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने जट म्हणजे मळ व तेलकटपणामुळे झालेला केसांचा घट्ट गुंता होय. शरीरावरचे लक्षण डॉक्टरऐवजी देवऋषीकडे जाते आणि त्या लक्षणाच्या अर्थाने माणसाचे सारे आयुष्य ठरते. आरोग्यानुभवाचे याहून मूलगामी चित्रण मला मराठीत दुसरीकडे आढळलेले नाही. या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारित ‘जोगवा’ (2009) या राजीव पाटील यांच्या चित्रपटाने हा विषय सर्वदूर नेला, मात्र प्रेमकथेच्या ओघात ‘भंडारभोग’मधील शरीराची घुसमट तेथे काहीशी सौम्य झाली आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वच जोगते सक्तीने घडतात असे मानणे हा सुधारकी वाचनाचा दोष आहे. ज्याच्या मनात मुळातच स्त्रीत्वाची ओढ आहे, अशा मुलाला देवीची सेवा हा गावात सन्मानाने राहण्याचा एकमेव मार्गही ठरतो. ल्युसिंडा रॅम्बर्ग यांनी 2014 च्या ग्रंथात उत्तर कर्नाटकातील जोगतिणींच्या संदर्भात जट कापणाऱ्या सुधारणेचीच चिकित्सा केली आहे. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मला मान्य होत नाही, कारण जट काढल्यावर मान हलकी झाल्याचे समाधानही खरेच असते. पण देवीशी असलेले नाते हे केवळ अज्ञान नव्हे, हा त्यांचा मुद्दा संशोधकाला टाळता येत नाही.

म्हणजे एकाच साडीत दोन वेगळ्या गरजा असलेली माणसे आहेत. एकाला संप्रेरक उपचार हवा असेल, दुसऱ्याला ती साडीच उतरवायची असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालाने स्वतःची लिंगभाव-ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला आणि रुग्णालयांतील उपचारांबाबत शासनास निर्देश दिले. 2019 च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावणी यांच्यासोबत ‘जोगता’ हा शब्दही नावानिशी आला. कलम 15 मध्ये शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार, समुपदेशन, विमा आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार यांची तरतूद झाली. आपल्या परिसरातला शब्द संसदेच्या कायद्यात गेला, याचे अप्रूप वाटावे. पण ज्याच्यावर ही ओळख लादली गेली, त्याला बाहेर पडताना कोणते साहाय्य मिळेल, याचा विचार या कलमात नाही. महाराष्ट्राच्या 2005 च्या निर्मूलन कायद्याचे तर नावच ‘देवदासी’ प्रथेचे आहे. तायप्पा दोन कायद्यांच्या मधल्या जागेत उभा राहतो.

उपचार देणाऱ्याचे शिक्षण हाही यातलाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात लिंगभाव-विसंगती मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर पडली. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पाठ्यपुस्तकांतील अवमानकारक मजकूर वगळण्यास सांगितले. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलैंगिकतेसंबंधीचा जुनाच मजकूर पुन्हा आला आणि टीकेनंतर सप्टेंबरमध्ये मागे घ्यावा लागला. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला, ही स्वागतार्ह घटना होय. ग्रामीण रुग्णालयात मात्र अडचण कक्षाच्याही आधी, केसपेपरच्या खिडकीशी सुरू होते. नाव पुरुषाचे, वेश स्त्रीचा, मागे रांग, आणि मोठ्याने विचारलेला प्रश्न. संशोधनाच्या प्रश्नावलीत ‘स्त्री, पुरुष, इतर’ असे तीन रकाने असतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील 40,891 व्यक्ती ‘इतर’मध्ये नोंदल्या गेल्या. या संख्येत हिजडा किती, जोगते किती, आणि जोगत्यांपैकी स्वेच्छेने किती, हे त्या रकान्यातून कळण्याची सोयच नाही. आपल्या जिल्ह्यात यापुढे या विषयावर क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्याने पहिला प्रश्न आजाराविषयी विचारू नये. ‘तुम्हाला ही साडी कोणी नेसवली?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि आजाराचा प्रश्न त्यानंतर घ्यावा.