निसर्गछायाचित्रातील चौकट आणि संपादन : ॲन्सेल ॲडम्स यांच्या दोन छायाचित्रांच्या संदर्भात

निसर्गछायाचित्रांच्या समीक्षेत ‘फेरफार’ हा शब्द बहुधा छायाचित्र टिपल्यानंतरच्या क्रियांपुरताच वापरला जातो. अनेक स्पर्धांच्या नियमांतही हीच समजूत दिसून येते. चित्रातील एखादा घटक पुसण्यास मनाई असते. परंतु कॅमेरा थोडा वळवून तोच घटक मुळातच बाहेर ठेवला, तर त्यास कोणाचीही हरकत नसते. या समजुतीची मर्यादा ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) या अमेरिकन छायाचित्रकाराच्या दोन कृष्णधवल चित्रांवरून स्पष्ट होते.

‘विंटर सनराइज’ (१९४४) हे चित्र कॅलिफोर्नियातील लोन पाइन या गावाजवळचे आहे. वर सूर्यप्रकाशात उजळलेली सिएरा नेवाडाची हिमशिखरे, मध्ये काळोखात बुडालेल्या टेकड्यांचा आडवा पट्टा आणि खाली उन्हाच्या तिरिपेत चरणारा एक घोडा अशी त्याची रचना आहे. सलग चार पहाटे निराशा पदरी आल्यानंतर पाचव्या दिवशी हे दृश्य साधले. घोडा बराच वेळ कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता आणि ऐनवेळी वळला, अशी नोंद खुद्द ॲडम्स यांनी केली आहे. त्या काळ्या टेकडीवर गावातील शाळेच्या मुलांनी ‘एल पी’ ही अक्षरे पांढऱ्या रंगाने भली मोठी रंगविली होती. ॲडम्स यांनी ती निगेटिव्हवरून शक्य तेवढी काढून टाकली आणि उरलेल्या खुणा प्रिंटवर बुजविल्या.

१९३२ मध्ये ‘ग्रुप एफ/६४’च्या माध्यमातून निर्भेळ छायाचित्रणाचा पुरस्कार करणाऱ्या कलावंताने असे करावे, यावर टीका झाली. ती पूर्णतः गैरलागू नाही. तथापि, हे संपादन मूलतः रचनेचेच अंग आहे, हे टीकाकार लक्षात घेत नाहीत. वरचा प्रकाश आणि खालचा प्रकाश यांना तोलून धरणारा तो काळा पट्टाच या चित्राचा कणा आहे. त्यात दोन पांढरी अक्षरे राहिली असती, तर नजर तेथेच अडली असती. शिवाय ही गोष्ट ॲडम्स यांनी लपविली नाही. ‘एक्झाम्पल्स’ (१९८३) या पुस्तकात ती स्वतःच सांगितली.

याच काळात ते जवळच्या मॅन्झनार येथे छायाचित्रे टिपत होते. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. दहा हजारांहून अधिक लोकांना कोंडून ठेवणारी मॅन्झनार ही त्यांपैकी एक छावणी. ‘माउंट विल्यमसन, फ्रॉम मॅन्झनार’ या चित्रात प्रचंड शिळांचे मैदान दिसते आणि त्यापलीकडे सुमारे ४,३८० मीटर उंचीच्या शिखरामागून प्रकाशाचे झोत उतरताना दिसतात. कॅमेरा मोटारीच्या टपावरील फळीवरून शिळांकडे किंचित झुकविलेला होता. त्यामुळे शिळा प्रेक्षकाच्या पायाशी आल्यासारख्या वाटतात आणि मनुष्यवस्तीची शंकाही येत नाही. छावणीचे काहीच या चौकटीत नाही. येथे छावणी पुसण्याची गरजच पडली नाही. असे असूनही ‘एल पी’बद्दल वाद घालणारी समीक्षा या चौकटीला सहसा ‘फेरफार’ म्हणत नाही.

ॲडम्स यांच्यावर एकतर्फी ठपका ठेवणे मात्र अन्याय्य ठरेल. त्यांनी छावणीतील माणसांची चित्रे घेतली, ‘बॉर्न फ्री अँड ईक्वल’ (१९४४) या पुस्तकातून त्यांच्या नागरिकत्वाची बाजू मांडली, आणि टेहळणी बुरूज, शस्त्रधारी पहारेकरी व काटेरी तार टिपण्यास त्यांना मनाईही होती. परंतु पर्वताच्या सान्निध्याने या लोकांना बळ दिले, ही त्यांची धारणा निसर्गचित्रकाराची होती. ती तेथे डांबलेल्या माणसाची नव्हती. छावणीतीलच एक बंदिवान तोयो मियाताके यांनी भिंग चोरून आत आणले व लाकडी पेटीचा कॅमेरा तयार केला. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात काटेरी तारेमागे तीन मुले उभी आहेत आणि मागे टेहळणी बुरूज आहे. त्यातही क्षितिजावर तेच डोंगर आहेत; पण ते पार्श्वभूमीलाच राहतात.

‘फ्रॉम मॅन्झनार’ हे शब्द ॲडम्स यांनी आपल्या चित्राच्या शीर्षकात राहू दिले. चौकटीने जे वगळले, त्याचा तेवढाच मागमूस तेथे उरतो, आणि मॅन्झनार म्हणजे काय हे ठाऊक नसणाऱ्या प्रेक्षकाला ते केवळ एका ठिकाणाचे नाव वाटते.