कापूस परवडतो का? आधी रकाने तपासा

वर्धा जिल्ह्यातलं तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा. इथे तीन-चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा, 'कापूस परवडतो का?' तो म्हणेल, 'कुठं परवडते!' मग विचारा, 'येत्या जूनमध्ये काय लावणार?' उत्तर येतं, 'कापूसच.'

संशोधनाला नव्यानं लागलेल्यांची इथे हमखास गडबड होते. काहीजण लिहून मोकळे होतात की शेतकऱ्याला हिशेब कळत नाही. काहीजण लिहितात की तो सवयीनं, नाइलाजानं करतो. तिसरी शक्यता फार कमी जण तपासतात: आपण ज्या तक्त्यात त्याचा खर्च भरतो, तो तक्ताच अपुरा असला तर? आजचा लेख त्या तक्त्याबद्दल आहे.

आधी व्याख्या पक्क्या करून घेऊ. कृषी मूल्य आयोग तीन खर्च वापरतो. 'ए-2' म्हणजे खिशातून गेलेला खर्च: बियाणं, खत, फवारणी, मजुरी, मक्त्याची रक्कम वगैरे. त्यात घरच्या माणसांच्या कामाची अंदाजे मजुरी मिळवली की 'ए-2 अधिक एफएल'. स्वतःच्या जमिनीचं खंडमूल्य आणि भांडवलावरचं व्याज धरलं की 'सी-2'. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, ती मधल्या खर्चावर. शेतकरी संघटना मागतात 'सी-2'च्या दीडपट. 2024-25 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला 4,747 रुपये धरला गेला आणि हमीभाव 7,121 रुपये ठरला. कागदावर 50 टक्के नफा. मग तळेगावात तो दिसत का नाही?

पहिली खोच क्विंटलमध्ये आहे. समजा (हे आकडे निव्वळ उदाहरणासाठी) वखरणीपासून फवारणीपर्यंत एकरी 20,000 रुपये लागले आणि वेचणी किलोला 10 रुपये पडली. एकरी 8 क्विंटल झाले तर क्विंटलचा खर्च 3,500 रुपये. 4 क्विंटलच झाले तर 6,000. वेचणीचा खर्च उत्पन्नासोबत कमी होतो, बाकीचा होत नाही. आता 7,121 नं विकून बघा: पहिल्याला एकरी साधारण 29,000 उरतात, दुसऱ्याला साडेचार हजार. पीक तेच, भाव तोच. आयोगाचा आकडा राज्याराज्यांच्या खर्चाची भारित सरासरी असतो, त्यात ओलिताचं शेत आणि पावसावरचं शेत एकत्र येतं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा विदर्भात कित्येकांचा भाजक असाच घसरला. म्हणून सरासरी खर्च वाचला की पहिला प्रश्न हा विचारा: ही सरासरी कुणाकुणाची?

दुसरी खोच घरच्या कामात आहे, आणि ती जास्त अवघड. 1962 मध्ये अमर्त्य सेन यांनी 'द इकॉनॉमिक वीकली'मध्ये भारतीय शेतीवर एक छोटा लेख लिहिला. तो मुळातून वाचाच. पन्नाशीच्या दशकातल्या शेती-व्यवस्थापन पाहण्यांतून त्यांनी दाखवलं की घरच्या श्रमाला बाजारभावानं मजुरी लावली तर बरीचशी शेती तोट्यात दिसते. शेत मोठं तसा नफा वाढतो, पण एकरी उत्पादन घटतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लहान कुटुंबाला बाहेर काम मिळण्याची खात्री नसते. त्यामुळे घरच्या श्रमाची खरी किंमत बाजारातल्या मजुरीपेक्षा कमी असते, आणि म्हणून ते कुटुंब रानात जास्त राबतं. म्हणजे तोटा शेतात असतोच असं नाही, तो आपल्या गृहीतकातही असू शकतो.

युक्तिवाद देखणा आहे. पण तो जसाच्या तसा तळेगावात आणून ठेवू नका. डवरणी आटोपली, पावसानं झड लावली, तेव्हा घरच्या माणसाला दुसरं काम नसतं. तिथे सेन बरोबर. पण कापूस फुटला की चित्र पालटतं. त्या दिवसांत वेचणाऱ्या बाया मिळता मिळत नाहीत. घरची बाई स्वतःच्या रानात वेचते, त्याच दिवशी शेजारचा तिला किलोमागे रोख द्यायला तयार असतो. तिचं श्रम त्या आठवड्यात अजिबात स्वस्त नाही. वर्षभरासाठी सगळ्या घराला एकच दर लावणं, मग तो शून्य असो की पूर्ण मजुरी, दोन्ही बाजूंनी चूक आहे. आणि रानडुकरांसाठी रात्रीची जागल? ती कुठल्या रकान्यात भरणार? सावडीनं केलेलं काम? सरपणाला घरी आणलेली पऱ्हाटी कुणी उत्पन्नात मोजली?

इथे भाताशी तुलना उपयोगी पडते. थायलंडच्या ईशान्य भागात, इसानमध्ये, पावसावर भात घेणारी लहान कुटुंबं चिकट तांदूळ घरी खायला पिकवतात आणि कोरड्या महिन्यांत त्यांतली माणसं बँकॉककडे कामाला जातात. त्या तांदळाचा हिशेब विक्रीच्या भावानं केला की शेती तोट्यात दिसते. दुकानातून विकत घ्यायच्या भावानं केला की चित्र बदलतं. आपल्या भंडारा-गोंदियातल्या धानालाही हे लागू आहे. कापसाला मात्र नाही, कारण कापूस खाता येत नाही. तो विकावाच लागतो, तोही ओलावा आणि प्रत बघून. शिवाय सरकारी खरेदीला सातबारा लागतो, आणि मक्त्यानं कसणाऱ्याच्या नावावर तो नसतो. म्हणून 'लहान शेती स्वतःपुरती टिकते' हे भातावरून काढलेलं अनुमान कापसावर लावलं की शेतकऱ्याची जोखीमच गायब होते.

तेव्हा प्रश्नावली छापण्याआधी तीन गोष्टी करा. खर्च एकरी आणि क्विंटलमागे असा दोन्हीकडून काढा, आणि निदान एक वाईट वर्ष त्यात धरा. घरचं श्रम महिन्यावार, माणसावार लिहा, बाईचं वेगळं. आणि 'परवडतं का' एवढंच विचारून थांबू नका, 'कशाच्या तुलनेत' हेही विचारा. सोयाबीनच्या? मजुरीच्या? जमीन मक्त्यानं देण्याच्या? 'परवडत नाही' म्हणणारा माणूस मेहनतीचा मोबदला मिळत नाही असं सांगत असतो, आणि 'कापूसच' म्हणणारा तोच माणूस याहून बरं काही हाताशी नाही असं सांगत असतो. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

हा नुसता पद्धतीचा काथ्याकूट नाही. असल्याच रकान्यांची बेरीज पुढे हमीभावात जाते. आपण जो तास मोजला नाही, त्याचे पैसे त्या घराला कुणीच देत नाही.