उमजून केलेले गैरसमज : ‘स्टेप्टो अँड सन’चे कौटुंबिक प्रहसन

गैरसमज हे प्रहसनाचे सर्वांत जुने भांडवल होय. एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती सापडते, अर्धवट कानी पडलेले बोलणे पुरते सत्य मानले जाते, आणि पाहता पाहता सरळ चाललेला संसार संशयाच्या भोवऱ्यात सापडतो. मराठी रसिकाला या जातीचे सर्वांत निकटचे उदाहरण म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’. मोलियेरच्या १६६० मधील प्रहसनावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजी रंगभूमीवर जे नाटक आणले, त्याच्या आधाराने देवलांनी आधी गद्य नाटक लिहिले. पुढे १९१६ मध्ये त्याचेच संगीत रूप रंगभूमीवर अवतरले. एका तसबिरीमुळे फाल्गुनराव आणि कृत्तिका, अश्विनशेट आणि रेवती ही सारी माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. तसबिरीचा उलगडा होताच संशय विरतो आणि विस्कटलेली घडी नीट बसते. या परंपरेतील गैरसमजाची तीन लक्षणे सांगता येतील. तो योगायोगाने उद्भवतो. त्यात गुरफटलेली माणसे मुळात निरपराध असतात. आणि सत्य उघड होताच त्याचा अंत होतो. प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो, कारण हा अंत त्याला आधीच ठाऊक असतो.

बी.बी.सी.च्या ‘स्टेप्टो अँड सन’ या दूरचित्रवाणी मालिकेने ही तिन्ही लक्षणे उलटी करून दाखवली. येथील गैरसमज योगायोगाने होत नाही, तो घडवून आणला जातो. घडवून आणणारा घरातलाच असतो. आणि सत्य उघड झाल्यावरही काहीच बदलत नाही. श्रमिकांच्या घरातील ढवळाढवळीवर रचलेल्या इंग्रजी विनोदी मालिका थोड्या नाहीत. परंतु त्या ढवळाढवळीच्या तळाशी असलेल्या भीतीला या मालिकेइतक्या निर्भयपणे क्वचितच कोणी स्पर्श केला असेल.

मालिकेचे कथासूत्र अगदी अल्प आहे. लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातील ऑइल ड्रम लेन या कल्पित गल्लीत आल्बर्ट स्टेप्टो हा विधुर म्हातारा आणि त्याचा चाळिशीकडे झुकलेला अविवाहित मुलगा हॅरल्ड राहतात. घोडागाडी घेऊन दारोदार भंगार गोळा करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. रे गॉल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन या लेखकद्वयाची पहिली भेट १९४८ मध्ये क्षयरोग्यांच्या एका आरोग्यधामात झाली होती. भिंतींच्या आत अडकलेल्या दोन माणसांचे बोलणे हाच पुढे त्यांच्या लेखनाचा प्राण ठरला, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. या दोन भूमिकांसाठी त्यांनी नाणावलेले विनोदवीर घेतले नाहीत, नट घेतले. हॅरल्ड साकारणारे हॅरी एच. कॉर्बेट जोन लिट्लवूड यांच्या ‘थिएटर वर्कशॉप’च्या तालमीत तयार झालेले, आल्बर्ट साकारणारे विल्फ्रिड ब्रॅम्बेल वयाने त्यांच्याहून केवळ तेरा वर्षांनी वडील. हशा मिळवणे हे नटाचे पहिले काम नसते, पात्राशी इमान राखणे हे असते. या निवडीमुळेच मालिकेला प्रहसनाच्या पलीकडची वाट मोकळी झाली.

जानेवारी १९६२ मध्ये ‘कॉमेडी प्लेहाऊस’ या मालेत ‘द ऑफर’ हा एकच भाग स्वतंत्रपणे दाखवण्यात आला. दुसरीकडे काम मिळण्याची संधी आल्यामुळे हॅरल्ड घर सोडायला निघतो. आपली चीजवस्तू तो गाडीवर रचतो. पण म्हातारा घोडा देत नाही. तेव्हा तो स्वतःच गाडी ओढू पाहतो. गाडी जागची हलत नाही. अखेर त्याला रडू कोसळते आणि बाप त्याला चहासाठी घरात घेऊन जातो. विनोदाच्या आशेने बसलेल्या प्रेक्षकापुढे एक प्रौढ पुरुष हुंदके देतो, ही घटना त्या काळच्या इंग्रजी हास्यप्रधान कार्यक्रमांत अपूर्व होती. येथे गैरसमज मुळी नाहीच. मुलाला का जायचे आहे हे बापाला कळते, आणि बाप का अडवतो हे मुलालाही कळते. दोघांना एकमेकांचे इतके पुरते कळलेले आहे की त्या कळण्याचीच बेडी झाली आहे.

हा पाया ध्यानात घेतला म्हणजे पुढील भागांतील गैरसमजांचा अर्थ उलगडतो. त्याच वर्षीच्या ‘द बर्ड’ या भागात हॅरल्ड एका तरुणीला घरी जेवायला बोलावतो. वेळ उलटून जाते, ती येत नाही. अपमानित झालेल्या हॅरल्डच्या मनात तिच्याविषयी कडवटपणा साचतो आणि जुळू पाहणारे नाते तुटते. वस्तुतः ती वेळेवरच आलेली असते. म्हाताऱ्याने घड्याळ पुढे सरकवलेले असते. देवलांच्या नाटकातील तसबीर आणि हे घड्याळ यांत नाट्यतंत्राच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. परंतु तसबीर योगायोगाने हाती लागते; घड्याळाच्या काट्याला मात्र एका म्हाताऱ्याचे बोट लागलेले आहे. त्या बोटामागे दुष्टावा आहे असेही म्हणवत नाही. मुलाच्या आयुष्यातला एक तास पुढे ढकलला तर आपल्या आयुष्यातली काही वर्षे एकटेपणातून वाचतील, असा त्याचा हिशेब आहे.

ढवळाढवळीची हीच तऱ्हा निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा येते. ‘द हॉलिडे’ या भागात हॅरल्डला एकट्याने परदेशी सुटीवर जायचे असते. म्हाताऱ्याच्या दुखण्यापुढे तो बेत मोडतो आणि बॉग्नरचा नेहमीचा समुद्रकिनाराच नशिबी येतो. १९७२ मध्ये निघालेल्या चित्रपटात तर हॅरल्डचे लग्न होते. मात्र मधुचंद्रासाठी स्पेनला निघालेल्या जोडप्याबरोबर म्हाताराही जातो, तेथे आजारी पडतो, आणि नवरा बापाला घेऊन मायदेशी परततो. पत्नी मागेच राहते. प्रसंग हसण्याजोगा आहे खरा. परंतु मुलाने आजारी बापाला टाकून जावे असे कोणता प्रेक्षक म्हणेल? म्हाताऱ्याचे कारस्थान सफल होते ते मुलाच्या मूर्खपणामुळे नव्हे, त्याच्या चांगुलपणामुळे. प्रेक्षकाच्या हास्याला अपराधाची किनार लागते ती येथेच.

या नात्याला वर्गाची एक बाजू आहे, आणि तिची दखल घेतल्यावाचून मालिकेचे मूल्यमापन अपुरे राहील. धनिकाच्या घरात ढवळाढवळ करण्यासाठी निदान एका दालनातून दुसऱ्या दालनात जावे लागते. स्टेप्टोंच्या घरात घोडा एक, गाडी एक, मिळकत एक आणि चहाची किटलीही एकच. जेथे काहीच वेगळे नाही, तेथे खासगी असे काय उरणार? तरीही हा सारा प्रश्न केवळ दारिद्र्याचा आहे असे म्हणणे सोपे असले तरी खरे नव्हे. १९४६ च्या राष्ट्रीय विम्याच्या आणि १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्याच्या कायद्यांनंतर ब्रिटनमधील वृद्धाला उपासमारीचे भय पूर्वीसारखे उरले नव्हते. राज्य त्याला निवृत्तिवेतन देऊ शकत होते, प्रसंगी निवाराही देऊ शकत होते. सोबत मात्र देऊ शकत नव्हते. १९६४ मधील ‘होम्स फिट फॉर हीरोज’ या भागात सागरसफरीची स्वप्ने पाहणारा हॅरल्ड बापाला वृद्धाश्रमात ठेवण्याचा घाट घालतो, तेव्हा कल्याणकारी राज्याच्या या मर्यादेवरच लेखकांनी बोट ठेवले आहे.

हॅरल्ड मजूरपक्षाचा, आल्बर्ट हुजूरपक्षाचा. हॅरल्डला संगीत, ग्रंथ, उंची मद्य यांची ओढ आहे. ती बहुधा भंगारात मिळालेल्या वस्तूंवर भागवावी लागते. श्रमिकाच्या या सांस्कृतिक भुकेची मालिका टवाळी करते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. काही भागांत हॅरल्डच्या चुकीच्या उच्चारांवर सुलभ हशा वसूल केला आहे. परंतु समग्र विचार करता, हास्याचा रोख त्या भुकेवर नसून तिच्या आणि तिला मिळणाऱ्या उष्ट्यामधल्या अंतरावर आहे. प्रेक्षकांनीही तिला आपलेच मानले. ऑक्टोबर १९६४ च्या निवडणुकीत, ही मालिका पाहण्यासाठी श्रमिक मतदार घरी बसतील या धास्तीने मजूरपक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी मतदानाच्या संध्याकाळी तिची वेळ पुढे ढकलवून घेतली, ही गोष्ट त्या आपलेपणाची साक्ष आहे.

याहून गंभीर उणीव दुसरीच आहे. या घरात स्त्री नाही. ती पाहुणी म्हणून येते आणि दुखावून परत जाते. ‘द बर्ड’मधील तरुणी वेळेवर आली होती, तरी तिच्या अपमानाचा विचार करायला त्या घरात कोणाला सवड नाही. बापलेकांच्या झटापटीची सर्वांत मोठी किंमत जिने मोजली, तिला मालिकेने जवळजवळ मुकी ठेवले आहे.

दर आठवड्याला भेटणाऱ्या विनोदी मालिकेला एक व्यावहारिक बंधन असते. भागाच्या अखेरीस पात्रांना मूळ जागी परतावेच लागते, नाही तर पुढचा भाग उभा राहणार नाही. सामान्य मालिकांत ही कृत्रिमता खटकते. येथे मात्र रचनेचे बंधन हेच पात्रांचे प्रारब्ध बनले आहे. हॅरल्ड गेला तर मालिका संपेल, आणि हॅरल्ड गेला तर आल्बर्टही संपेल. १९७२ मधील ‘डिव्हायडेड वी स्टँड’ या भागात हे सूत्र दृश्यरूप घेते. भांडणाला विटून हॅरल्ड घराच्या मधोमध भिंत घालतो, ये-जा करण्यासाठी फिरते फाटक बसवतो. दूरचित्रवाणीचा संचही दोघांनी अर्धा अर्धा पाहायचा. अखेर आग लागते आणि दोघे इस्पितळात शेजारशेजारच्या खाटांवर येऊन पडतात. भिंत जळाली, शेजार उरला.

डिसेंबर १९७४ मध्ये अखेरचा भाग प्रसारित झाला. परदेशी सुटीवर निघालेल्या हॅरल्डच्या पारपत्राची मुदत संपल्याचे ऐन वेळी उघडकीस येते, आणि म्हाताऱ्याला एकट्याने पुढे जावे लागते. खिन्न चेहऱ्याने हॅरल्ड मागे फिरतो. कोपऱ्यावर मोटार घेऊन एक तरुणी त्याची वाट पाहत उभी असते. हा घोटाळा त्याने स्वतःच जुळवून आणलेला असतो. बारा वर्षे ज्या विद्येचा तो बळी होता, ती विद्या अखेर त्याने बापाकडून उचलली. मुलाची सुटका झाली म्हणून प्रेक्षक हसतो. परंतु आता गैरसमजात राहिला आहे तो दूरदेशी निघालेला एकटा म्हातारा, आणि ज्या एकटेपणाच्या भीतीने त्याने घड्याळाचे काटे फिरवले होते, ते एकटेपण निदान एका सुटीपुरते त्याच्या वाट्याला आले आहे. संशयाचा कल्लोळ शमला की घर पुन्हा नांदते, हे जुन्या प्रहसनाचे आश्वासन होते. एकमेकांना पुरते ओळखणाऱ्या माणसांना त्याच घरातून मोकळे होण्यासाठी एका खोट्याचा आधार घ्यावा लागतो, हे ‘स्टेप्टो अँड सन’चे कटू पण प्रामाणिक निवेदन आहे.