मोरीच्या कठड्याशी

गिरण्या चालू होत्या त्या काळातल्या लालबाग-परळच्या चाळीतल्या खोलीचं सौंदर्य अनुभवायचं, तर उंबऱ्यावरूनच सगळी खोली एका नजरेत आटोपण्याची घाई आपण करू नये. आधी कोपऱ्यातल्या मोरीपाशी थांबावं. वीतभर उंचीचा कठडा, आत शहाबादी फरशी, शेजारी तांब्याचं पिंप आणि वर दोन खिळ्यांना ताणलेल्या सुतळीवर जुन्या लुगड्याचा पडदा. पहाटे नळ आला की पिंप भरतं आणि गिरणीचा भोंगा होण्याआधी पहिल्या पाळीवाल्याची आंघोळ उरकते. मग पडदा सरतो आणि त्याच फरशीवर राखेने लख्ख घासलेली भांडी उपडी निथळू लागतात. तिन्हीसांजेला तिथेच आजी खेळून आलेल्या नातवाच्या पायांवर पाणी घालते. ओलं आणि कोरडं यांच्यात एवढाच बांध, पण किती नेमका!

1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत एका खोलीचं क्षेत्रफळ 160 चौरस फूट. तेवढ्यात जेवणघर, देवघर, अभ्यासिका, शेजघर हे सारं एकामागून एक अवतरतं. वळकटी उलगडली की रात्र, गुंडाळून ट्रंकेवर ठेवली की दिवस. कोकणातल्या एकेका गावाने घेतलेल्या गावकीच्या खोल्यांत तर ही कला अधिकच सूक्ष्म झाली: प्रत्येक गड्याची एक ट्रंक, एक खुंटी, जेवण खानावळवाल्या बाईकडे, आणि एका पाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागी दुसऱ्या पाळीच्या माणसाने पाठ टेकायची. तीच ट्रंक उशाला आली की परक्या शहरात गाव किती जवळ येत असेल!

आयर्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या घरांना अर्धं दार असे. खालचा भाग मिटून कोंबड्या बाहेर ठेवायच्या, वरचा उघडून उजेड आत घ्यायचा. चाळीचं दार दिवसा तेवढंही मिटत नसे. गॅलरीत निवडायला घेतलेले तांदूळ, कठड्यावर वाळणारं धोतर, शेजारच्या स्टोव्हची घरघर, हे सगळं घराचंच.

आता रात्र पाहू. बाराच्या सुमारास दुसऱ्या पाळीचा गडी परततो. निजलेल्यांच्या पायांमधली वाट त्याला अंधारातही पाठ असते. मोरीत उतरून तो तांब्या पावलाशी टेकवतो आणि पाण्याची धार हळूच सोडतो, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून.