संदर्भगणना आणि संपादकाचे अदृश्यत्व

संशोधकाचा प्रभाव मोजता येतो काय, हा प्रश्न आता केवळ ग्रंथालयशास्त्राचा राहिलेला नाही. नेमणुका आणि पदोन्नती यांच्याशी तो बांधला गेल्यामुळे साहित्याभ्यासाच्या दिशेवरच त्याचा परिणाम होऊ लागला आहे. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये विज्ञानविषयक सूची प्रसिद्ध झाली, तेव्हा एखाद्या विचाराचा पुढील लेखनातील प्रवास शोधणे हा तिचा हेतू होता. या शोधसाधनाचे पुढे मूल्यमापनसाधन झाले. जॉर्ज हिर्श यांचा एच-निर्देशांक (२००५) ही त्याची ठळक परिणती होय: ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहादा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक दहा. सहलेखनाच्या नोंदींवरून संशोधकांच्या संबंधांचे जाळे रेखाटणारी पद्धतीही याच स्वरूपाच्या नोंदींवर उभी आहे. प्रभाव आणि सहकार्य ही नामनिर्देशातूनच व्यक्त होतात, हे दोहोंमागील समान गृहीतक. मराठी पाठचिकित्सेत ते कितपत टिकते, हे वि. भि. कोलते यांच्या कार्याच्या आधारे तपासणे उद्बोधक ठरेल.

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी ह. ना. नेने आणि शं. गो. तुळपुळे यांनीही या ग्रंथाची संपादने केली होती. मराठी गद्याचा आरंभ, यादवकालीन समाज, स्त्रियांचे धर्मजीवन अशा कोणत्याही विषयावर लिहिणाऱ्याला यांपैकी एखाद्या संपादनावाचून पुढे जाता येत नाही. पण आपल्या लेखांतील निर्देश कसा असतो? ‘लीळाचरित्र, पूर्वार्ध’ आणि लीळेचा क्रमांक. संपादनागणिक क्रम आणि पाठ बदलतात. तरीही संपादकाचे नाव गळते. गणना करणाऱ्याच्या लेखी श्रेय म्हाइंभटांना जाते, किंवा कोणालाच जात नाही. पाठ जितका सर्वमान्य, तितका संपादक विस्मृत. येथे प्रभावाचा उत्कर्ष आणि नोंदीचा लोप एकाच वेळी घडतो.

सहकार्याच्या बाबतीतही हेच दिसते. सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपलेल्या पोथ्या उघडून दाखविणारे महंत, त्या लिपीचा उलगडा करणारे वि. का. राजवाडे, प्रती उतरवून घेणारे लेखनिक यांच्यावाचून हे वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आलेच नसते. यांतील कोणीही सहलेखक नाही. म्हणून सहलेखनाच्या जाळ्यात त्यांना स्थान नाही. विरोधाभास असा, की ज्या ग्रंथाविषयी आपण बोलत आहोत तो स्वतः मात्र याबाबत अधिक जागरूक आहे. म्हाइंभटांनी शिष्यपरिवाराच्या आठवणी मिळवून लीळा सिद्ध केल्या आणि परंपरेने हिराइसा, परशरामबास यांच्या नावांनी पाठ जपले. कोणी काय सांगितले, याची दखल मराठीच्या या आद्य गद्यग्रंथाच्या परंपरेतच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील गुणतक्ता या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात मानव्यविद्यांतील शोधलेखाला १० गुण आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाच्या संपादनाला ८ गुण ठेवले होते. परिसंवादातील निबंध एकत्र बांधणे आणि अनेक पोथ्या ताडून पाठनिश्चिती करणे या दोन्ही कृतींना आपण ‘संपादन’ म्हणतो. तक्त्यानेही त्यांत भेद केला नाही. अशा व्यवस्थेत पदव्युत्तर विद्यार्थ्याने पोथीपुढे वर्षे का घालवावीत, याचे उत्तर मार्गदर्शकाला देता येत नाही.

याचा अर्थ गणना सर्वथा त्याज्य आहे, असा नव्हे. गणनेपूर्वीचा काळ निखळ गुणग्राहकतेचा होता, असे मानण्यास आधार नाही. शिफारस, गुरुपरंपरा आणि गटनिष्ठा यांच्या बळावर निर्णय होत असत. ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा अभ्यासकाला आकड्याने दाद मागण्याची जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आकडा उल्लेख झाला एवढेच सांगतो. तो आधार म्हणून झाला, खंडनासाठी झाला की केवळ शिष्टाचार म्हणून, हे सांगत नाही. तो भेद वाचनानेच कळतो, आणि वाचन हे समीक्षेचे काम आहे. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यानेही आकड्यांनी तज्ज्ञांच्या गुणात्मक निर्णयाला साह्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असे म्हटले आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करण्याची शिफारस केली.

तथापि सगळा दोष नियमावलीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. संपादकाला अदृश्य करण्याचे काम संगणकाच्या कितीतरी आधी आपल्या तळटीपांनी केले आहे. प्राचीन संहितेचे अवतरण देताना संपादक, आवृत्ती आणि वर्ष यांचा निर्देश अनिवार्य मानणे, प्रबंधाच्या परीक्षणात त्याचा आग्रह धरणे, पोथी उपलब्ध करून देणाऱ्याची ऋणनिर्देशापलीकडे नोंद करणे आणि पाठचिकित्सक संपादनाला स्वतंत्र संशोधन म्हणून तोलणे, एवढे तरी विभागांना करता येईल. विदर्भातील मठांत आणि घरांत अद्याप असंपादित पोथ्या आहेत. त्यांना वाचक मिळणे, हे त्यांच्या संपादकाला आपण नाव देतो की नाही यावर काही अंशी अवलंबून आहे.

हुडकेश्वर, नागपूर