शेपटीचा विनोद

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ (१९८१) म्हटले की आगगाडीच्या डब्यांतले वर्ग आठवतात. आम्हांला त्यातला विज्ञानाचा एक प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. माणसाच्या पूर्वजांना शेपूट होती, माकडहाड हा तिचाच अवशेष, हे सांगता सांगता बाई वाढ खुंटलेल्या ताकाहाशीला गमतीने विचारतात, तुला शेपूट आहे का? मुख्याध्यापक कोबायाशी त्यांच्यावर संतापतात. पण स्वयंपाकघरात, इतर शिक्षकांच्या कानांवर जाणार नाही असे. मुलाबरोबर बाईंचाही मान राहतो.

पुढे बाईंनी वर्गात ही चूक कशी सावरली, हे मात्र पुस्तक सांगत नाही. शिक्षकांना नेमके तेच हवे होते. शाळेत समुपदेशक असला, तरी असा घाव भर तासाला बसतो. तिथे हजर असतो तो शिक्षकच.