वृत्तपत्रीय पक्षपात : यंत्राचे वाचन आणि संहितेतील मौन

वृत्तपत्रीय लेखनातील पक्षपात यंत्राच्या साह्याने शोधून काढण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. आशयविश्लेषण या नावाने समाजशास्त्रांत रूढ झालेली पद्धती मुळातच मोजणीची होती. पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्रावरचा हॅरॉल्ड लासवेल यांचा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. पुढे शब्दांच्या वारंवारितेवरून लेखनाचा कल ठरविण्याचे प्रयत्न झाले आणि १९६० नंतरच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात फिलिप स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणी संगणकाकडे सोपविली. आज कृत्रिम बुद्धिमत्ता या नावाने जे पुढे आले आहे त्यात शब्दांच्या तयार याद्यांची जागा उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रतिमानांनी घेतली आहे. हा फरक तांत्रिकदृष्ट्या मोठा आहे. मात्र पक्षपात संहितेत नेमका कोठे वसतो, या प्रश्नाचे जे उत्तर जुन्या मोजणीने गृहीत धरले होते तेच या नव्या वाचनानेही बव्हंशी गृहीत धरलेले दिसते.

येथे संज्ञांचा थोडा निवाडा करणे आवश्यक आहे. पूर्वग्रह, कल आणि पक्षपात हे शब्द मराठीत अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. गाडामर यांनी १९६० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे पूर्वग्रह ही आकलनाची अटच आहे. पूर्वग्रहविरहित वाचक ही ज्ञानोदयकालीन कल्पनेची निर्मिती होय. तेव्हा एखाद्या वृत्तात पूर्वग्रह आढळला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आक्षेप घ्यावयाचा तो पक्षपातावर. आणि पक्षपात म्हटले की किमान दोन पक्ष आले. एकाला जे दिले ते दुसऱ्याला नाकारले, हे दाखविल्याखेरीज तो आरोप उभाच राहत नाही. म्हणजे पक्षपाताच्या निर्णयासाठी समोरच्या संहितेबरोबर दुसरी एक संहिता लागते, मग ती छापलेली असो वा छापली जाऊ शकली असती अशी असो.

यंत्राच्या वाचनात या दुसऱ्या संहितेला जागा आहे काय? या क्षेत्रातला एक महत्त्वाचा अभ्यास मार्ता रेकासेन्स, क्रिस्तियन डानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि डॅन जुराफस्की यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. विकिपीडियाच्या संपादकांनी तटस्थतेच्या नियमास अनुसरून ज्या दुरुस्त्या केल्या होत्या, त्यांतील मूळ वाक्य व सुधारित वाक्य अशा जोड्या त्यांनी अभ्यासल्या. येथे दुसरी संहिता खरोखरच उपलब्ध आहे आणि म्हणूनच या अभ्यासातून निघालेला भेद मोलाचा ठरतो. एक पक्षपात उघड भारित शब्दांचा. दुसरा ज्ञानविषयक, म्हणजे विधानाची सत्यता गुपचूप मान्य किंवा संशयित करणारा. ‘सांगितले’च्या जागी ‘कबूल केले’ किंवा ‘दावा केला’ येताच बोलणाऱ्याची पत बदलते. मराठी बातमीदारीतले ‘असे समजते’, ‘असे कळते’ आणि सर्वांत धूर्त असा ‘म्हणे’ यांना हा दुसरा वर्ग चपखल लागू पडतो. मात्र वाक्यातला नेमका कोणता शब्द पक्षपाती आहे हे ओळखण्याचे काम सामान्य वाचकांना दिले असता, त्यांनाही ते निम्म्याहून पुष्कळ कमी वेळा साधले. ज्या बाबतीत माणसांचे एकमत नाही तेथे यंत्राला शिकवावयाचे ते कोणाचे मत, हा प्रश्न या अभ्यासाने नकळत उघडा केला.

पुढील काळात ही जोडसंहिता मागे पडली आणि तिच्या जागी वर्गपट्टी आली. २०१९ मध्ये टोकाची पक्षनिष्ठ वृत्ते ओळखण्याची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तिच्यासाठी सुमारे साडेसात लाख लेखांना त्यांच्या प्रकाशकाच्या लौकिकावरून वर्ग देण्यात आला होता. माणसांनी प्रत्यक्ष वाचून वर्ग दिलेले लेख होते १,२७३. प्रकाशकावरून लेखाचा वर्ग ठरविणे म्हणजे कुळावरून माणसाची पारख करणे होय. असे शिकलेले यंत्र पक्षपात ओळखते की त्या वृत्तपत्राची शैली, हे सांगणे कठीण असते.

मराठीच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. ‘पोलिसांनी जमावावर गोळीबार केला’, ‘जमावावर गोळीबार करण्यात आला’ आणि ‘गोळीबारात तिघांचा मृत्यू’ या तीन वाक्यांत एकही भारित शब्द नाही. तरीही पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत येताना कर्ता नाहीसा झालेला असतो. आदरार्थी रूपांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. एकाच वृत्तात मंत्री ‘म्हणाले’ आणि मोर्च्यातला शेतमजूर ‘म्हणाला’, हे मराठी वाचकाला इतके सवयीचे आहे की त्याला त्यात काही जाणवतही नाही. इंग्रजीच्या सर्वनामव्यवस्थेत हा भेदच नसल्याने तेथील अभ्यासांनी तयार केलेल्या वर्गांत त्याला खानाही नाही. शिवाय शब्दाचे मूळ रूप काढून मोजणी करण्याच्या जुन्या पद्धतीत ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाला’ ही दोन्ही एकाच धातूत विलीन होतात. पाखडताना दाणे गेले आणि कोंडा सुपात राहिला, असाच हा प्रकार. नवी प्रतिमाने प्रत्यय टाकून देत नाहीत, हे खरे. परंतु ती भाषा शिकतात कोठून? पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीचा जो ‘महाकॉर्पस’ सिद्ध केला त्यात २ कोटी ४८ लाख वाक्ये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य वाक्ये बातम्यांतून घेतलेली आहेत. मराठीसारख्या भाषेला असा संग्रह मिळणे ही निःसंशय मोलाची गोष्ट आहे. तथापि बातमीची भाषा हीच ज्याची मातृभाषा, त्या यंत्राला बातमीतला ‘म्हणाला’ खटकावा कसा? इंग्रजीत हे आधीच घडून गेले आहे. गूगलच्या वृत्तसंग्रहावर घडविलेल्या शब्दप्रतिमानात पुरुषाशी संगणकतज्ज्ञ व स्त्रीशी गृहिणी अशी सांगड पडत असल्याचे बोलुकबासी व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखविले होते.

या चर्चेत खरोखर पणाला काय लागलेले आहे, हे पाहण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाकडे वळावे लागते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने छापण्यास नकार दिला, ही हकिकत आंबेडकरांनीच पुढे नमूद करून ठेवली आहे. ‘मूकनायका’च्या पहिल्या अंकातील ‘मनोगत’ हे एका अर्थी वृत्तपत्रीय पक्षपाताचे विश्लेषणच आहे. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी असून इतरांची त्यांना पर्वा नाही, हे निदान तेथे केले आहे. आणि त्याच लेखात हिंदू समाजाला जिने नसलेल्या, मजल्यामजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली आहे. आता ‘केसरी’चा त्या आठवड्यातील अंक आणि ‘मनोगत’ ही दोन्ही आजच्या पक्षपातशोधकापुढे ठेवली असे समजू. नाकारलेली जाहिरात अंकात नाहीच. तेव्हा तिच्याविषयी यंत्राला सांगण्यासारखे काही सापडणार नाही. उलट ‘मनोगता’तील रूपक, आवेश, एका पक्षाची उघड बाजू घेणे, ही सारी भारित भाषेची लक्षणे म्हणून नोंदली जातील. पक्षपात करणारा सुटेल आणि त्याची नोंद करणारा पक्षपाती ठरेल. यंत्राला हे शिकविणाऱ्यांचा हेतू असा नसतो; परंतु शांत स्वर म्हणजे तटस्थता हे गृहीतक स्वीकारले की निष्पत्ती हीच होते. ज्यांना छापण्याची सोय आहे त्यांना स्वर चढविण्याची गरज सहसा पडत नाही.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली; राज्यभरच्या माध्यमांत ही घटना तिच्या खऱ्या स्वरूपात ठळकपणे यावयास कित्येक आठवडे गेले. त्या मधल्या दिवसांचे अंक एकेक करून तपासले तर पक्षपाती वाक्य क्वचितच हाती लागेल. पक्षपात होता तो दोन तारखांच्या मधल्या अंतरात.

या टीकेचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा घेणे मात्र आततायीपणाचे ठरेल. एका माणसाला आयुष्यभरात वाचता येणार नाहीत इतके अंक ते थोडक्या वेळात चाळू शकते, आणि मौनाची मोजणी करावयाची तर असा अफाट चाळणारा लागतोच. घटना आणि तिची पहिली बातमी यांत किती दिवस गेले, त्याच दिवशी दुसऱ्या पत्राने काय छापले, दहा वर्षांत कोणत्या व्यवसायाच्या माणसांना ‘म्हणाले’ मिळाले व कोणाला ‘म्हणाला’, हे प्रश्न यंत्राला विचारण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे गुण देऊन मिळत नाहीत. दोन संहिता शेजारी ठेवून मिळतात. एकेका लेखावर तटस्थतेचा आकडा चिकटविणारी साधने आज अधिक लोकप्रिय आहेत, कारण आकडा वाचकाला दुसरे वृत्तपत्र उघडण्याच्या श्रमातून सोडवितो.

मराठीत असे काम करावयाचे तर वर्ग देणारे वाचक कोण, हे पहिल्यांदा ठरवावे लागेल. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एखाद्या वाक्याला तटस्थ म्हटले आणि तेच वाक्य मोर्च्यातल्या शेतमजुराने वाचून नाक मुरडले, तर त्या मतभेदाची सरासरी काढून तो मिटविण्याची प्रचलित रीत येथे घातक ठरते. दोन्ही निर्णय वेगवेगळे, कोणी दिले त्या माहितीसह जपून ठेवावे लागतील. आणि ‘केसरी’च्या अंकांशेजारी त्याच सालातले ‘मूकनायक’चे अंकही यंत्राला वाचता येतील अशा रूपात आणावे लागतील.